येळवशीची पंगत आणि लग्नातली यादी

लातूर-धाराशिवकडची ख्रिस्ती कुटुंबं नाताळच्या सुट्टीला परदेशातून गावी येतात आणि बहुतेक वर्षी त्याच सुमारास येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला शेतात होणारा सण, असते. शेजारी शेतात जेवायला बोलावतात. कडब्याची कोप (खोपटं), आत पांडव म्हणून मांडलेले दगड, पूजा, नैवेद्य आणि मग भज्जी, आंबील, उंडे. बाहेर वाढलेली मुलं विचारतात, मूर्तीला नमायचं नाही अशी आज्ञा असताना इथं जेवायचं का?

करिंथ शहरातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीपुढे हाच पेच होता, आणि प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पत्रात त्यावर 1 करिंथ 8 ते 10 असे तीन अध्याय खर्ची घातले. बाजारात जे मिळतं ते चौकशी न करता खा (10:25). कुणी घरी बोलावलं तर वाढलेलं जेवा (10:27). पण ‘हा नैवेद्य आहे’ असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी तो खाऊ नका (10:28). पूजेतच भागीदार होणं मात्र साफ नाकारलंय (10:21).

म्हणून आदल्या संध्याकाळीच फोन करा: “काका, जेवायला सगळे येतो. पूजेला आम्ही बसत नाही, तेवढा वेळ बांधावर थांबतो.” मराठवाड्यातला माणूस एवढ्यावर रागावत नाही. आधी न सांगता गेलात की घोटाळा होतो. आरतीचं ताट समोर आल्यावर एक जण हात झटकतो, दुसरा मुकाट्याने वाकतो, आणि पोरं दोघांकडे बघत राहतात. प्रसाद हातावर ठेवू लागले तर “ताटातलं पोटभर जेवतो, हा तेवढा राहू द्या” एवढं पुरे. तापाचं खोटं निमित्त सांगून घरी बसणं ही तडजोडच, फक्त खोटं न बोलण्याच्या आज्ञेशी. ज्यांचं मन जायलाच तयार नाही त्यांनी जाऊ नये आणि जाणाऱ्यांना दोष देऊ नये. पौलाच्याच रोमकरांस पत्रात, रोम 14 मध्ये, दोघांनाही जागा आहे.

पंगतीतून उठणं म्हणजे निष्ठाच असते असंही नाही. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. यरुशलेमहून आपली यहुदी माणसं आली तसा तो भिऊन बाजूला झाला, आणि पौलाने त्याला सर्वांदेखत सुनावलं (गलती 2:11-14). मूर्तीचा तिथं संबंधच नव्हता, होती ती फक्त आपल्या माणसांची भीती.

याच भीतीपोटी काही घरं प्रसादाला शिवत नाहीत, पण परदेशातल्या मुलाच्या लग्नाच्या बैठकीत हुंडा, गाडी आणि सोन्याचे तोळे बिनदिक्कत ठरवतात. हे आम्हाला येळवशीपेक्षा कितीतरी गंभीर वाटतं. लोभ ही मूर्तिपूजाच आहे, असं कलस्सै 3:5 सरळ सांगतं. मोशेचा भाऊ अहरोन याने लोकांना पूजेला घडवून दिलेलं वासरूही बायकामुलांच्या कानांतल्या सोन्याचंच होतं. मोशेने जाब विचारला तेव्हा अहरोन म्हणाला, लोक वाईटाकडे वळलेले आहेत, मी सोनं आगीत टाकलं आणि हे वासरू निघालं (निर्गम 32:22-24). “आम्ही काही मागितलं नाही, त्यांनीच हौसेनं दिलं” हे उत्तर त्याच जातीचं.

बैठक आईवडिलांवर सोडू नका. मुलाने स्वतः व्हिडिओ कॉलवर हजर राहून पाहुण्यांपुढे पहिल्याच पाच मिनिटांत ‘देणं-घेणं नाही’ म्हणावं. मामा-काकांनी आकडा काढल्यावर माघार घेणं फार अवघड जातं. लग्न ठरवताना करतात त्या यादीवर तेच लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या. बस्ता आणि जेवणाचा खर्च निम्मा-निम्मा वाटून तोही तिथंच लिहा, कारण नंतर ‘मानपान’ नावाने मागणी शिरते ती याच दोन खर्चांतून. न मागता आलेल्या भेटींची वेगळी यादी ठेवा. 1961 च्या हुंडाबंदी कायद्याला ती लागते, आणि हुंडा घेणाऱ्याला त्यात किमान 5 वर्षांची कैद सांगितली आहे. देणाऱ्यालाही तेवढीच.