फॉर्म आधी पिशवीतच ठेव

पहिल्यांदाच गावात सर्व्हेला निघालायस, म्हणून सांगतो. "हवामानाचा अंदाज मिळतो का?" असं विचारूच नको. सगळे "मिळतो की" म्हणतात अन् आपला रकाना भरतो. त्यापेक्षा विचार, यंदा सोयाबीन कोणत्या दिवशी पेरलं, अन् त्याच दिवशी का?

परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी अन् शुक्रवारी निघतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हेही त्यात असतं. पण सेलूकडं एका मावशींनी मलाच उलटं विचारलं, "मिलिमीटर म्हंजी किती बोटं ओल?" माझा अर्धा फॉर्म तिथंच बाद झाला. मेसेज यायचा पोराच्या मोबाईलवर, पोरगं पुण्याला. अन् खुरपणी कधी करायची ते ठरवणार मावशी. म्हणून बायांना वेगळं गाठ, दुपारच्या भाकरीच्या वेळी, बांधावर.

आणखी एक. पर्जन्यमापक असतो महसूल मंडळाला, म्हणजे बऱ्याच गावांत मिळून, एक, अन् शिवार कधी दहा किलोमीटर लांब. तिकडं कोसळतो, इकडं धूळ. लोक अंदाजावर चिडतात ते बरंचसं यामुळंच. पीकविम्याचा रागही त्यात मिसळतो, तो मात्र वेगळा लिहून घे.