लाकडी फ्लोअरिंग आणि टाइल्स एकाच बादलीतल्या पाण्याने पुसले तर चालते का?

आपण लिहिले आहे की दिवाणखान्यात व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, झोपण्याच्या खोलीत लाकडी फ्लोअरिंग आहे, दोन्ही खोल्या रोज फिनाइल घातलेल्या एकाच बादलीतल्या पाण्याने पुसल्या जातात आणि तरीही टाइल्सवर पावलांचे ठसे दिसतात व फळ्यांच्या कडा वर आल्यासारख्या लागतात. आमच्या घरी काही वर्षांपूर्वी नेमके हेच झाले होते, त्यामुळे अनुभवावरून सांगतो की चालत नाही. टाइल्सचे नुकसान साबणाने होते आणि लाकडाचे पाण्याने.

सर्वांत आधी आपले फ्लोअरिंग खरोखर लाकडाचे आहे का, हे पाहावे. खाली बसून एखादी ठळक गाठ हेरावी आणि हुबेहूब तशीच गाठ दुसऱ्या एखाद्या फळीवर सापडते का ते शोधावे. सापडली, तर ते लाकूड नसून लाकडाचे छापील चित्र आहे, म्हणजे लॅमिनेट. त्यात लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला पुठ्ठ्यासारखा बोर्ड, त्यावर चित्राचा कागद आणि सर्वांत वर मेलामाइनचा कठीण थर असतो. वरच्या थराला पाणी फारसे काही करत नाही, परंतु दोन फळ्यांच्या सांध्यातून ते आतल्या बोर्डापर्यंत पोहोचले की बोर्ड फुगतो, आणि एकदा फुगलेला बोर्ड वाळल्यावरही मूळ जाडीला येत नाही. खऱ्या लाकडाप्रमाणे तो घासून सपाट करण्याचीही सोय नसते, कारण घासले तर चित्रच निघून जाते.

आमच्याकडे कारण अगदी क्षुल्लक होते. फरशी पुसताना बादली रोज दारालगतच्या एकाच जागी टेकवली जात असे आणि तिच्या बुडाचे ओले वर्तुळ तसेच राहत असे. एका पावसाळ्यात तेथील तीन फळ्यांच्या कडा इतक्या उचलल्या गेल्या की अंधारातही अंगठ्याला लागत. तेव्हापासून बादली खोलीबाहेरच ठेवली जाते. फडके एकही थेंब गळणार नाही इतके पिळून घ्यावे आणि पुसल्यानंतर जमिनीवरची ओल एक-दोन मिनिटांत उडून जाते की नाही, हे पाहावे. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर फडके ओले आहे असे समजावे. पुसण्यापूर्वी मऊ झाडूने केर नीट काढणे आवश्यक आहे, कारण चपलांबरोबर आलेली बारीक वाळू फडक्याखाली सापडली की चरे पडतात. वाफेचा मॉप येथे वापरू नये. लॅमिनेटवर तेल किंवा मेणाचे पॉलिशही लावू नये. ते आत मुरत नाही, फक्त जमीन निसरडी होते.

टाइल्सची गोष्ट उलट आहे. व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या ०.५ टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, म्हणजे मळ तिच्या आत जवळजवळ जातच नाही. आपल्याला दिसणारे ठसे हे बहुधा वर साचलेल्या फिनाइलच्या व साबणाच्या पापुद्र्यावर उमटलेले असतात, आणि बोअरवेलचे जड पाणी असेल तर त्यात क्षारांची भर पडते. मळ दिसला की आपण औषध वाढवतो आणि पापुद्रा आणखी जाड होतो. त्यासाठी आठवडाभर काहीही न घालता कोमट पाण्याने पुसून, पाणी गढूळ होताच बदलून पाहावे. तरीही पांढरट झाक राहिली, तर पाच लिटर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालून एकदा पुसावे आणि लगेच साध्या पाण्याने पुन्हा पुसावे, कारण टाइल्समधले सांधे सिमेंटचे असल्यास त्यांना आम्ल मानवत नाही. कोटा, शहाबादी, संगमरवर किंवा जुन्या मोझॅकच्या फरशीवर मात्र व्हिनेगर किंवा लिंबू कधीही लावू नये, कारण त्यांतला चुनखडीचा अंश आम्लात विरघळतो आणि चकाकी जाते. संडासासाठी आणलेले ऍसिड फरशीवर ओतण्याची सवय तर सोडावीच. त्यात ब्लीच मिसळले गेले तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो.

काळवंडलेल्या सांध्यांना खाण्याच्या सोड्याची दाटसर पेस्ट लावून जुन्या टूथब्रशने घासावे. स्वयंपाकघरात हळद सांडलेली असेल तर सोडा लागताच डाग लालसर होतो. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, पण तो हळदीचा गुणधर्म आहे. तो डाग पुसून झाल्यावर जे उरते ते ऊन येत असल्यास हळूहळू फिके पडते. दिवाळीत पणतीचे तेल सांडले तर लगेच पाणी न ओतता त्यावर बेसन किंवा टाल्कम पावडर पसरून ते शोषले जाऊ द्यावे.

आपल्या वर आलेल्या कडांविषयी: फ्लोअरिंग खऱ्या लाकडाचे असेल तर दोन-तीन आठवडे ओले पुसणे बंद ठेवून पंखा चालू ठेवावा, हवेतल्या ओलाव्याने आलेला बाक पुष्कळदा कमी होतो. लॅमिनेट असेल तर त्या फळ्या बदलाव्या लागतील, आणि एकमेकींत अडकवलेल्या पद्धतीत मधली फळी काढायची तर साधारणपणे भिंतीकडून तिथपर्यंतच्या सर्व फळ्या उचलाव्या लागतात. काम देण्यापूर्वी माळ्यावर उरलेल्या फळ्यांचा खोका आहे का ते पाहा. आमच्या त्या तीन फळ्या तशाच खोक्यातून निघाल्या, कारण तोपर्यंत दुकानात तो रंग मिळेनासा झाला होता.