प्रिंटर चालू, तरी ‘ऑफलाइन’

प्रश्न : नवा राउटर बसवल्यापासून मोबाइलवरून छपाई होते, पण विंडोज लॅपटॉपवर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो. काय करावे? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मोबाइलवरून कागद निघतो, म्हणजे प्रिंटर आणि त्याचे वाय-फाय ठणठणीत आहे. नवा प्रिंटर घेण्याची घाई मुळीच करू नका. आधी लॅपटॉप राउटरच्या ‘गेस्ट’ (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या) नेटवर्कवर नाही ना, हे पाहा; तिथून घरातली इतर उपकरणे सहसा दिसत नाहीत.

तसे नसेल, तर लॅपटॉप बहुधा प्रिंटरच्या जुन्याच आयपी पत्त्यावर (राउटरने नेटवर्कवर दिलेल्या क्रमांकावर) कागद पाठवतो आहे. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती छापून घ्या. त्यावर १९२.१६८.१.२३ असा काहीसा पत्ता असेल. लॅपटॉपवर ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ उघडा, ‘अॅड पोर्ट’मधून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून तो पत्ता भरा. तरीही ‘ऑफलाइन’ दिसल्यास त्याच पोर्टच्या ‘कॉन्फिगर’मधली ‘एसएनएमपी स्टेटस’ची (प्रिंटरची स्थिती तपासणाऱ्या सोयीची) खूण काढा.

वीज गेली-आली की पत्ता पुन्हा बदलू शकतो. म्हणून राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटणाऱ्या) सेटिंगमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी (उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकासाठी) तोच आयपी राखून ठेवा. ही पायरी बरेच जण गाळतात आणि महिन्याभराने पुन्हा अडतात.