चेहरा कमी, कॅलेंडर जास्त बघ

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. सगळ्या मानसिक आजारांची लक्षणं तोंडपाठ आहेत पण समोर माणूस बसला की सगळा गोंधळ होतो, असं लिहिलंयस. होतंच तसं, माझंही व्हायचं.

मी नवीन असताना एक मुलगा आला होता. मान खाली, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता, महिनाभर झोप नाही भूक नाही. मी डिप्रेशन लिहून मोकळा झालो. सिनियरनी फक्त त्याच्या आईला विचारलं, कधी याच्या अगदी उलट झालं होतं का? तर ती म्हणाली, हो ना, गेल्या वर्षी दहा दिवस दोन-दोन तास झोपायचा तरी थकायचा नाही, उधारीवर तीन फोन घेऊन आला, आम्हाला वाटलं पोरगं कामाला लागलं. झालं, बायपोलर, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अशी तेजी! नुसती डिप्रेशनची गोळी दिली असती तर पुन्हा तसाच उसळायची भीती होती. आजचं चित्र बघून निदान करायचं नाही ते तेव्हा कळलं, मागची वर्षं विचारायची, आणि घरच्यांनाही विचारायचं कारण तेजीतल्या माणसाला स्वतःत काही बिघडलंय असं वाटतच नाही.

औषधांचंही कॅलेंडरच. डिप्रेशनच्या गोळीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात, मग पेशंट म्हणतो कशाला घेऊ. हे आधीच सांगून ठेवायचं. लिथियम हे औषध १९४९ पासून वापरात आहे, बायपोलरमध्ये अजूनही दमदार, फक्त लागू पडणारा डोस आणि विषारी डोस यात अंतर थोडं, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. स्किझोफ्रेनियात (एका अंगात दोन माणसं असा त्याचा अर्थ नाही, हे किती जणांना सांगायचं देव जाणे) नसलेले आवाज ऐकू यायचे थांबले की लोक औषध सोडतात आणि काही महिन्यांनी सगळं परत. ओसीडीत (नको ते विचार परत परत येतात आणि तेच ते करत राहावं लागतं, तो आजार) गोळीइतकीच थेरपी लागते, म्हणजे कुलूप एकदाच लावायचं आणि परत न बघता ती घालमेल सोसत बसायचं, बोलायला सोपं वाटतं एवढंच.

आणि आत्महत्येचे विचार येतात का हे सरळ विचारायचं, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत.

तू पाठवलेल्या केसमध्ये सगळं आहे, फक्त दोन वर्षांपूर्वी नोकरी अचानक का सोडली ते नाही. तेव्हा झोप किती होती, उद्या विचार आणि कळव.