टीव्हीवरचा कलाकार अचानक भेटला तर फोटो मागावा का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई सासू-सासऱ्यांना घेऊन कोल्हापूरला येणार आहेत. इथं मालिकांची शूटिंगं चालतात, तर कुणी कलाकार दिसलाच तर फोटो मागावा का, ते चिडतात का, असं त्यांनी विचारलंय. माझं उत्तर सरळ आहे. मागू नका.

2017 चा उन्हाळा होता. त्या वर्षी रविवार आला की 'तुझ्यात जीव रंगला' मालिकेतला वाडा बघायला कोल्हापूरजवळच्या वसगडे गावाला गाड्या भरभरून लोक जायचे. आमच्याकडंही काकांनी दोनदा बेत केला होता, पण आजीचे गुडघे. मग तिला जवळच, गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेलं. म्हशी बांधलेल्या, समोर धार काढून फेसाळतं दूध ग्लासात. आमच्या शेजारी ओढणी डोक्यावरून घेतलेली एक बाई उभी होती. चेहऱ्याला मेकअप नाही, डोळे ओढलेले. आम्ही कुणीच तिला ओळखलं नाही. ती एवढंच म्हणाली, "साखर नको."

आजीनं मान वळवली. मोतीबिंदूमुळं ती मालिका बघायची कमी आणि ऐकायची जास्त. "ही ती थोरली जाऊ न्हवं?" ती वसगड्याच्या मालिकेतली नव्हे, दुसऱ्या एका मालिकेतली. नाव मी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही, आताही सांगणार नाही. त्या थोरल्या जावेला आमची आजी रोज संध्याकाळी शिव्या घालायची. म्हणून माझ्या पोटात गोळा आला. पण आजीनं तिचं मनगट धरलं आणि म्हणाली, "पोरी, आवाज बसलाय की तुझा. गार काय पिऊ नगंस. रात्री हळद घालून घे."

ती बाई बघतच राहिली. मग हसली आणि म्हणाली, "आजी, सकाळपासून ओरडायचेच सीन होते." दोघी दहा मिनिटं बोलत होत्या. आई कुठं असते, जेवणाचं काय, पोर कुणाकडं ठेवलंय. ती आजीच्या पाया पडली तेव्हा तिच्या ओठावर दुधाचा फेस तसाच होता.

एवढ्यात काकांनी मोबाइल काढला. मी त्यांचा हात खाली केला. त्यावरून आजतागायत आमच्या घरात वाद आहे. आजी 2019 ला गेली. तेव्हापासून प्रत्येक दिवाळीला काका म्हणतात, "तुझ्यामुळं आईचा तो फोटो राहिला." काका, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका. फ्लॅश पडला असता तर अर्धी गंगावेस गोळा झाली असती, आजी मागं ढकलली गेली असती आणि ती बाई दूध अर्धं ठेवून गाडीत बसली असती. बारा-बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला निवांत एक ग्लास दूध पिऊ द्यायचं नाही का? मूकपटांचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या काळापासून या गावानं कलावंत रस्त्यावरून चालताना बघितलेत. इथल्या जुन्या जयप्रभा स्टुडिओच्या आसपास वाढलेल्या माणसांना विचारा, कोण कुणाच्या मागं धावत होतं?

बाकी कार्यक्रमाला आलेले असतील, स्वतःहून लोकांत मिसळत असतील, तर खुशाल विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. लहान पोर हट्टाला पेटलं तरी विचारायला हरकत नाही. शूटिंग बघायचंच असेल तर मोरेवाडीच्या चित्रनगरीत आधी परवानगीची चौकशी करून जा.

त्या भेटीनंतर काही दिवसांनी आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. थोरली जाऊ धाकटीवर ओरडत होती, आवाज घोगरा. आजीनं शिवी घातली नाही. माझ्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाली, "ह्ये बघ. ह्ये त्याच दिवसातलं हाय."