कोब्राची रेप्लिका 42 लाखांना: पैसे नेमके कशाचे?

प्रश्न: शेल्बी कोब्रासारखी हुबेहूब दिसणारी रेप्लिका ओळखीतला एक जण 42 लाखांना देतोय. बॉडी फायबरची, इंजिन दुसऱ्याच गाडीचं. शेवटी नक्कलच आहे, तर एवढे पैसे कशाचे? ही किंमत योग्य आहे का?

उत्तर:

आधी इंजिनाचं बोलतो, कारण दुसऱ्या गाडीचं इंजिन तर मूळ कोब्रातही होतं. इंग्लंडमध्ये थेम्स डिटनला एसी कार्स नावाची छोटी कंपनी 'एस' (Ace) ही हलकी, उघडी गाडी बनवायची. तिला ब्रिस्टल कंपनीची इंजिनं मिळायची, ती मिळणं बंद झालं. मग 1962 मध्ये कॅरोल शेल्बी या अमेरिकन रेसरनं त्याच गाडीत फोर्डचं व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, बसवलं आणि कोब्रा तयार झाली. सगळ्या मिळून हजाराच्या आसपासच बनल्या. त्यातली अगदी पहिली 2016 मध्ये लिलावात 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरला गेली. मूळ गाडी अशा भावाला पोचल्यावर, ज्याला ती चालवायची हौस आहे त्यानं रेप्लिका घेतली तर त्यात कमीपणा कसला? तेव्हा इंजिनावरून भाव पाडू नका. फायबरवरूनही नको.

मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत गेली 26 वर्षं पत्र्याचं आणि फायबरचं काम करतो. बसचे डॅशबोर्ड, रुग्णवाहिकेचे आतले पॅनेल, ट्रॅक्टरची बॉनेटं. त्याआधी चार वर्षं शारजात एका गॅरेजला होतो, तिथं या जातीच्या गाड्यांच्या बॉडीवर रोज हात फिरायचा. त्यामुळे 'फायबरच तर आहे' हे वाक्य ऐकलं की मला त्रास होतो. लोक सामानाचा हिशेब करतात, हाताचा करत नाहीत.

आमच्याकडं वाळूजला 1985 पासून बजाजचा कारखाना आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो. समजा एक डाय, म्हणजे पत्रा दाबायचा लोखंडी साचा, 1 कोटीची आहे आणि तिच्यावर 2 लाख नग निघाले. एका नगावर डायचा भार पडला 50 रुपये. आता एका स्पोर्ट्स कारच्या बॉडीचा फायबरचा मोल्ड, म्हणजे साचा, धरा 10 लाखांचा, आणि त्यातून विकल्या गेल्या 20 बॉड्या. एका बॉडीवर नुसत्या मोल्डचे 50 हजार. अजून रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट रस, ओतलेलं नाही, काचेच्या धाग्यांची मॅट कापलेली नाही. हेच गणित पुढच्या काचेला, लोखंडी व्हीलला, मीटरला, दाराच्या कुलपाला लागतं. शंभर नगांची ऑर्डर घेऊन गेलं तर कुठलाही व्हेंडर दारात उभं करत नाही. मोठ्या कंपनीची 10 लाखांची गाडी आणि हातानं बनलेली 40 लाखांची गाडी शेजारी ठेवून 'यात एसीसुद्धा नाही' म्हणणारे हीच गोष्ट विसरतात.

आणि मग घासकाम. मोल्डमधून बॉडी निघते तेव्हा ती लांबून गुळगुळीत दिसते. तिरप्या उजेडात धरली की लाटा दिसतात. रेझिन नीट पिकायच्या, म्हणजे पक्कं घट्ट व्हायच्या आत बॉडी काढली तर महिन्या-दोन महिन्यांनी आतल्या मॅटची वीण रंगातून वर येते. म्हणून पिकवायची, घासायची, पुट्टी, परत घासायची, प्रायमर, परत घासायची. कोब्राच्या अंगावर सपाट जागा जवळजवळ नाहीच, सगळे फुगवटे, त्यामुळे मशीन लावता येत नाही. लांब लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून हातानंच. आमच्या दोघा पोरांनी एका बॉडीवर फक्त घासण्यात 190 तास घातले, तेही मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली. दाराची फट वरून खालपर्यंत सारखी यायला आणखी आठवडा.

ॲल्युमिनियमची बॉडी म्हणजे त्याच्याही पुढचं काम. मूळ गाड्या तशाच होत्या, नळ्यांच्या सांगाड्यावर हातानं घडवलेला पत्रा. अमेरिकेतल्या युटाच्या किर्कहॅम मोटरस्पोर्ट्सनं तशा ॲल्युमिनियमच्या बॉड्या पोलंडमध्ये, जिथं आधी मिग विमानं बनायची त्या कारखान्यात करून घेतल्या. विमानांचं काम आटलं होतं, पण पत्र्याला वळण देणारे हात तिथं शिल्लक होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. किंमत अशा हातांची असेल तर मी एक रुपया कमी करा म्हणणार नाही.

पण किंमत जास्त आहे म्हणजे काम चांगलं आहे, असंही नाही. तीन वर्षांपूर्वी जालन्याचे एक शेठ टेम्पोत घालून अशीच गाडी माझ्याकडं घेऊन आले. 38 लाख मोजले होते. लाल रंग, मधून दोन पांढरे पट्टे, आरशासारखं पॉलिश. तक्रार एवढीच की दाराच्या कोपऱ्याला केसासारख्या चिरा पडल्यात, त्या बुजवून द्या. चिरा का पडल्या ते बघायला गाडी वर घेतली. चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, 2 मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप, वेल्डिंग एकाच बाजूनं. चेसिस पिळत होती, तो पीळ बॉडी खात होती, म्हणून चिरा. ब्रेकची नळी सायलेन्सरला चिकटून गेलेली, प्लास्टिकच्या पट्टीनं बांधलेली. आणि कार्पेट उचललं तर सीटबेल्टचा बोल्ट नुसत्या फायबरमध्ये, मागं लोखंडी पट्टीसुद्धा नाही. गाडी कुठं आपटली असती तर बेल्ट माणसासकट उपटून आला असता.

शेठ कट्ट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "मिस्त्री, खरं सांगा, पैसे पाण्यात गेले का?"

मी म्हणालो, "शेठ, वरच्या बाजूचे पैसे बरोबर आहेत. खालच्या बाजूचे तुमच्याकडून घेतले, पण तिथं लावले नाहीत."

बॉडी उतरवून चेसिस नव्यानं केली. जाड गोल पाइप, सगळे जोड आर्गन वायूच्या वेल्डिंगनं, बेल्टसाठी चेसिसवरून थेट आधार. चार महिने लागले. आता ती गाडी त्यांच्या कारखान्याच्या आवारात चालते.

पैठणला बायकोसाठी पैठणी घ्यायला गेलो होतो, तेव्हा मागावर बसलेल्या मावशींनी पहिली शिकवण दिली होती, "दादा, पदर उलटा करून बघा." हातमागाची पैठणी मागून पुढून सारखीच दिसते, आणि यंत्रावरच्या स्वस्त साडीच्या उलट्या बाजूला धागे लोंबत असतात. पुढून दोन्ही सारख्याच चमकतात. गाडीचंही मी तेव्हापासून तसंच बघतो.

नक्कल या शब्दाला तुम्ही जे वजन दिलंय, त्याबद्दल थोडं. आमच्या शहराचं हिमरू कापड घ्या. किमखाबात सोन्या-चांदीची जर असायची, ते सगळ्यांना परवडायचं नाही. म्हणून रेशीम आणि सूत वापरून तसंच दिसणारं कापड विणलं गेलं. हिमरू हे नावच 'हम-रू' म्हणजे 'सारखं दिसणारं' यावरून आलं असं सांगतात. नावातच नक्कल आहे. तरी आज कुणी अस्सल हातमागाची हिमरू शाल समोर ठेवली तर तिला कुणी हलकी म्हणत नाही, कारण तिच्यात विणकराचे दिवस गेलेले असतात.

उलट जिथं फक्त नावाचे पैसे आहेत, तिथं मी हात आखडता घेईन. जॅग्वारच्या एक्सकेएसएस गाडीचं उदाहरण बोलकं आहे. फेब्रुवारी 1957 मध्ये त्यांच्या ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली, ठरलेल्या 25 पैकी 9 गाड्या जळाल्या, 16 च विकल्या गेल्या. साठ वर्षांनी कंपनीनं त्या 9 गाड्या परत बनवायला घेतल्या, एकेकीवर 10 हजार तासांचं काम आणि किंमत 10 लाख पौंडांच्या वर. कामाच्या तासांपुढं मी मान झुकवतो. पण तेच काम तेवढ्याच कसबानं बाहेरच्या कारागिरानं केलं असतं तर त्याला त्यातला छोटासा वाटा मिळाला असता. उरलेले पैसे बिल्ल्याचे, म्हणजे कंपनीच्या नावाचे आहेत. ज्याला बिल्ला हवा त्यानं खुशाल द्यावेत. तुमचा विक्रेता मात्र शेल्बी नाही. त्यानं 'लिमिटेड एडिशन' म्हणून पितळी पट्टी लावली असेल तर त्या पट्टीचे पाच रुपयेही देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावर बहुतेक विक्रेते गप्प बसतात. ही गाडी रस्त्यावर चालवायची आहे का? आपल्याकडं नव्या गाडीच्या नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी लागते, पुण्याची एआरएआय त्यातली एक. एकेक गाडी बनवणारा माणूस हे करूच शकत नाही, परवडत नाही. मग काय करतात, एखाद्या जुन्या गाडीचं आरसी बुक वापरतात आणि तिच्या चेसिस नंबरवर ही बॉडी चढवतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नोंदणीची वेगळी सोय झाली, पण ती 50 वर्षांहून जुन्या मूळ गाड्यांसाठी. 1965 सारखी दिसणारी गाडी त्यात बसत नाही. आरसीवर दुसरीच गाडी असली तर अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारणार. जालन्याच्या शेठची गाडी आवाराबाहेर येत नाही, ती यामुळेच. मी स्वतः त्यांना नको म्हणालो.

म्हणून 42 लाखांना हो की नाही हे गाडी न बघता सांगता येणार नाही. रोज रस्त्यावर चालवायला घेत असाल तर 12 लाखांनाही घेऊ नका. ट्रॅकवर, फार्महाउसवर, कारखान्याच्या आवारात चालवायला घेत असाल, तर विक्रेत्याकडं बॉडी चढवायच्या आधीचे नुसत्या चेसिसचे फोटो मागा. ज्यानं मनापासून काम केलंय त्याच्याकडं ते शेकड्यांनी असतात, तो दाखवायला उतावीळ असतो. फोटो नाहीत म्हणाला तर गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा. पाइपची जाडी, वेल्डिंग दोन्ही बाजूंनी आहे का, ब्रेकची नळी कुठून गेलीय, बेल्ट कशाला धरलाय. कार्पेट उचलून बघा, संकोच करू नका, तुमचे पैसे आहेत. मग दार उघडून हळू सोडा. चांगल्या गाडीचं दार स्वतःच्या वजनानं एका ठिकाणी नीट बसतं, उचलून लावावं लागत नाही.

बघायला जाल तेव्हा टॉर्च बरोबर न्या आणि खालच्या बाजूचे फोटो काढून इथं टाका. वरचे नकोत. मी रविवारी दुकान बंद असतं तेव्हा बघून एकेका जोडावर लिहीन.