मालदीवला रिसॉर्टमध्ये न राहता कुटुंबासह जायचे असेल, तर नियोजन कसे करावे?

आपण लिहिले आहे की आपण पती-पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा आणि पासष्टीच्या सासूबाई असे चौघे पुण्याहून पाच रात्रींसाठी मालदीवला जाऊ इच्छिता, रिसॉर्टचा खर्च झेपणार नाही, आणि सध्या विमानाची तिकिटे स्वस्त मिळत असल्यामुळे ती आताच काढून ठेवावीत का, असा आपला प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत असे की तिकिटे आज काढू नयेत. आधी बेट ठरवावे, मग त्या बेटावर जाणाऱ्या बोटीची वेळ पाहावी, आणि त्या वेळेला जुळणारे विमान शेवटी घ्यावे. मालदीवमध्ये सारा प्रवास बोटीच्या वेळापत्रकावर चालतो आणि आपल्याकडचे बहुतेक लोक नेमका हाच क्रम उलटा करतात.

पहिल्या खेपेला मीही तो उलटाच केला होता. संध्याकाळी उतरणारे तिकीट चार हजार रुपयांनी स्वस्त मिळाले म्हणून घेतले. विमानतळाबाहेर पडलो, तर समोरच बोटींचा धक्का, आणि आमच्या बेटाची शेवटची स्पीडबोट तासाभरापूर्वी सुटलेली. ती रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावरच्या हॉटेलात काढावी लागली. वाचवलेले पैसे तर गेलेच, शिवाय पाचांतली एक रात्र हकनाक गेली. दुपारी एक-दोनच्या आत उतरणारे विमान असेल, तर जवळपासच्या बहुतेक बेटांची बोट त्याच दिवशी मिळते. दूरच्या रिसॉर्टांना जोडणारी समुद्री विमानेसुद्धा फक्त दिवसाउजेडी उडतात. शुक्रवार हा तिथला सुटीचा दिवस असल्यामुळे सरकारी फेरीबोट बहुधा बंद असते आणि खासगी बोटीही कमी असतात. म्हणून जाण्याचा किंवा परतीचा दिवस शुक्रवारी येऊ देऊ नये.

बेट निवडताना सासूबाईंचा विचार आधी करावा. स्पीडबोट लाटांवर आपटत जाते आणि पाठीच्या मणक्यांना ते दणके चांगलेच जाणवतात. माफुशी हे बेट राजधानी माले शहरापासून स्पीडबोटीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. तिथे गेस्टहाउस पुष्कळ आणि स्वस्त आहेत, मात्र गर्दीही तितकीच आहे. थोड्डू थोडे दूर पडते, पण तिथे कलिंगडाची आणि पपईची शेती आहे, सायकलने फिरता येते, आणि समुद्रकिनाऱ्याइतकाच गावाचाही आनंद मिळतो. धिगुरा हे दक्षिण आरी प्रवाळद्वीपातले लांबट, चिंचोळे बेट व्हेल शार्कसाठी प्रसिद्ध आहे, परंतु तिथवर पोहोचायला सुमारे दोन तास लागतात. आपल्या चौघांसाठी मी थोड्डू सुचवीन. एकाच बेटावर पाचही रात्री राहावे. दोन बेटे करण्याच्या मोहात पडलात, तर एक अख्खा दिवस सामान उचलण्यात जातो.

महिन्याबद्दल थोडक्यात सांगतो. डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा आणि शांत समुद्राचा काळ असतो, तर मेपासून नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात. आपल्या मे महिन्याच्या सुटीत, विशेषतः उत्तरार्धात, समुद्र खवळलेला असू शकतो. म्हणून मुलाची परीक्षा संपताच एप्रिलमध्ये गेलात तर उत्तम. पावसाळ्यात तिथे कोकणासारखी दिवसेंदिवस झड लागेलच असे नाही, सरी येतात आणि जातात, आणि दरही उतरलेले असतात. पण स्पीडबोटीचा प्रवास त्या काळात वयस्क माणसाला झेपणे कठीण.

खर्चाचा हिशेब करताना संकेतस्थळावर दिसणाऱ्या दरावर विसंबू नये. त्यावर साधारण १० टक्के सेवाशुल्क, त्या बेरजेवर १७ टक्के पर्यटन वस्तू व सेवा कर (हा दर जुलै २०२५ पासून आहे) आणि लहान गेस्टहाउसमध्ये दर माणशी दर रात्री ६ डॉलर हरित कर लागतो. म्हणजे ६० डॉलरच्या दोन खोल्या घेतल्या, तर १२० डॉलरचे प्रत्यक्षात सुमारे १७८ डॉलर होतात. दर करांसह आहे की करांशिवाय, हे गेस्टहाउसला लेखी विचारावे, आणि चौघांचे बोटीचे जाण्या-येण्याचे भाडेही त्याच पत्रात विचारून घ्यावे.

भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट आणि राहण्याचे आरक्षण दाखवावे लागते. प्रवासापूर्वीच्या ९६ तासांत इमुगा या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येकाचा अर्ज भरायचा असतो आणि परतताना तो पुन्हा भरावा लागतो. हा अर्ज विनामूल्य आहे. पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. सामानात दारू, डुकराच्या मांसाचे पदार्थ आणि पूजेच्या मूर्ती नेण्यास तिथे मनाई आहे. सासूबाईंना प्रवासात पिशवीत लहानसा पितळी गणपती ठेवायची सवय असेल, तर त्यांना हे घरीच समजावून सांगावे. विमानतळावर ते कळले तर त्यांना फार लागेल. स्थानिक लोकांची वस्ती असलेल्या अशा बेटावर खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. पोहण्याचे तोकडे कपडे पर्यटकांसाठी राखलेल्या किनाऱ्यावरच चालतात. तिथली विजेची सॉकेटे चौकोनी पिनांची, इंग्लंडसारखी असतात, तेव्हा अडॅप्टर इथूनच न्यावा.

घरात कोणी शाकाहारी असेल, तर ते गेस्टहाउसला आठवडाभर आधी कळवावे. तिथल्या स्वयंपाकात टूना मासा सर्वत्र असतो. सकाळच्या न्याहारीला मस हुनी करतात: टूना, ओले खोबरे, कांदा आणि मिरची हाताने एकत्र चुरलेली, सोबत आपल्या पोळीसारखी रोशी. त्यांचा ‘मस’ आणि आपला ‘मासा’ हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत, त्यामुळे नकार देताना एवढा एक शब्द पुरतो. माझ्या आईने सांगितल्यावर यजमानीणबाईंनी तिच्यासाठी मासा न घालता तेच खोबरे-कांद्याचे मिश्रण रोज वेगळ्या वाटीत काढून ठेवले.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे पाणी. मालदीवला जाण्याचे खरे कारण प्रवाळ आहेत आणि ते पाहण्यासाठी खोल पाण्यात बुडी मारण्याची विद्या यावी लागत नाही. तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क आणि पायात फिन्स एवढे पुरते. मुलासाठी मास्क मात्र इथूनच घ्यावा, कारण तिथे भाड्याने मिळणारे बरेचसे मोठ्यांच्या मापाचे असतात. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायला सांगावे आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढायला लावावा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला, तर माप बरोबर आहे. मुलाला आणि सासूबाईंना तरंगणारे जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात उतरवू नये, त्यांना पोहता येत असले तरीही. रीफची, म्हणजे प्रवाळाच्या उथळ कट्ट्याची, कड आली की गुडघाभर पाण्यातून तळ एकदम खोल निळ्यात उतरतो आणि तिथला प्रवाह, विशेषतः दोन बेटांमधल्या खाडीजवळ, चांगल्या पोहणाऱ्यालाही ओढून नेतो. रोज सकाळी गेस्टहाउसच्या माणसाला विचारावे की आज प्रवाह कुठल्या बाजूने आहे, आणि त्याने नको म्हटले की उतरू नये. पाठीवर ऊन लागते ते पाण्यात कळत नाही, रात्री कळते. म्हणून चौघांनीही पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे शर्ट घ्यावेत. प्रवाळाला हात किंवा पाय लावू नये. तो सजीव आहे, आपल्या एका पावलाने त्याची कित्येक वर्षांची वाढ मोडते. मुलाला हे आधी सांगितले, तर तो मोठ्यांपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळतो. वाळूत पडलेले प्रवाळाचे तुकडेही सामानात घालू देऊ नयेत, ते देशाबाहेर नेण्यास बंदी आहे.

सासूबाई पाण्यात उतरल्या नाहीत, तरी त्यांचे काही अडणार नाही. गावोगावी धक्क्याजवळ जोली असतात, लोखंडी चौकटीला दोरीची जाळी विणून केलेल्या खुर्च्या, आणि संध्याकाळी गावातल्या बायका तिथे गप्पा मारत बसतात. माझी आई रोज तिथे जाऊन बसायची. हिंदी चित्रपटांमुळे काही जणींना हिंदी समजत होते, आणि तिसऱ्या दिवशी तर तिची जागा ठरलेली होती.

आपण दोघांपैकी कोणी पाठीला हवेची टाकी लावून खोल बुडी (स्कूबा डायव्हिंग) मारणार असाल, तर ती पहिल्या तीन दिवसांतच उरकावी, कारण त्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ ते २४ तास जावे लागतात. परतीच्या दिवशी दुपारचे विमान असेल, तर सकाळची पहिली बोट घ्यावी आणि तिची जागा आदल्या रात्रीच यजमानांकडून पक्की करून घ्यावी.